चोविसावा अंगठा

खांडबारा,
ता. ३ ऑगस्ट १९३८

गुरुवर्य मार्थाबाईंना हलीमाचा सलाम.

नंदुरबारच्या कन्याशाळेत पहिल्या बाकावर बसणारी, सलीम रंगाऱ्याची मुलगी, हातांना कायम निळा रंग लागलेला असायचा म्हणून जिला तुम्ही 'नीळकंठ' म्हणत होता, ती मी. लग्न होऊन इकडे आले. माझे यजमान इद्रिस यांचे स्टेशनासमोर शिलाईचे दुकान आहे आणि मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. शिक्षिका दोन, त्यातली दुसरी बहुधा रजेवर.

मागल्या महिन्यात तपासणीला आलेले साहेब म्हणाले, मुली पाठ म्हणतात पण हाताने काही करत नाहीत. दिवाळीआधी हाताने करायचा एखादा पाठ घ्या. मला लगेच तुमचा ठशांचा वर्ग आठवला. अंगठ्यावरून माणूस कसा ओळखतात, चोर कसा शोधतात, ते तुम्ही आम्हाला करून दाखवले होते. काजळी, तिळाचे तेल, काच एवढे आठवते. कशानंतर काय, ते विसरले. कृपा करून सविस्तर कळवावे.

माझ्या निम्म्या मुली डोंगरातल्या, घरी इकडची डोंगरी कोकणी किंवा भिली बोलणाऱ्या. मराठी पुस्तकाशी त्या पाहुण्यासारख्या वागतात, चार हात लांबून. पण वाटेवरचा खूर पाहून बैल कोणाचा ते सांगतात. म्हणून वाटते, हा पाठ त्यांना माझ्याआधी कळेल.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती वर्ग झाल्यावर लिहीन.

आपली विद्यार्थिनी
हलीमा


नंदुरबार,
ता. ९ ऑगस्ट १९३८

चि. हलीमा हिस मार्थाबाई पगारे यांचा आशीर्वाद.

पत्र पोचले. भिंग लावून वाचले. मुंगीच्या पायांना शाई लावून तिला कागदावर सोडली, तर ती तुझ्याहून टपोरे लिहील. सहा वर्षे मी तुझे अक्षर घोटून घेतले, ते यासाठी?

तुझ्या साहेबांनी हाताने काही करायला सांगितले हे वाचून हसू आले. मी १९२४ साली ते केले, तेव्हा त्यांच्याच खात्यातल्या एका शहाण्याने शेरा मारला होता, 'मुलींना पोलिसांची कामे शिकवू नयेत.' आता तेच नवे झाले. माझ्या जागी आलेल्या हेडमिस्ट्रेस बाईंनी तर माझ्या शास्त्राच्या कपाटात पाहुण्यांच्या कपबश्या ठेवल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. मेले नाही अजून, पण शाळेला ते कळलेले दिसत नाही.

आता कृती. नीट वाच.

दिव्यावर बशी उपडी धरून काजळी धरावी. तीत तिळाच्या तेलाचे दोन थेंब टाकून ती काचेवर पातळ पसरावी. मुलीचा उजवा अंगठा तीवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावा आणि तसाच कागदावर फिरवावा. दाबू नये. दाबला की सगळ्या रेघांची पेंड होते. अंगठा आपण धरायचा, मुलीने हात सैल सोडायचा. शंख कोणाचा, चक्र कोणाचे, हे मुलींना आजीकडून माहीत असतेच, तिथून सुरुवात कर. मग त्यांना दाखव, दोन शंख कधी सारखे नसतात.

काचेवरचा न दिसणारा ठसा हवा असेल तर शंखजिऱ्याची पूड मऊ पिसाने हलकेच फिरवावी. ठसा उमटला की डिंक लावलेला काळा कागद ओलसर असताना टेकवून तो उचलावा. उचललेला ठसा उलटा येतो, म्हणून आरशात धरून जुळवावा.

आणि सर्वांत पहिला नियम, माझा भाऊ सॅम्युअल पुण्यास पोलिसांच्या कचेरीत अंगठ्यांचे कागद लावायचा, त्याने शिकवलेला: ज्यांचा हात त्या जागी रोज लागतो, त्यांचे ठसे आधी घेऊन बाजूला करावेत. मग चोर शोधावा.

तुमच्या वर्गाने तर खराच चोर पकडला. आठवते ना? मी कॉन्व्हेंटची शाळा सोडताना मदर अगाथांनी मला दिलेले पितळी मुठीचे भिंग सोमवारी कपाटातून नाहीसे झाले. मी म्हटले, रडत बसण्यापेक्षा हाच आजचा पाठ. कपाटाच्या काचेवर ठसा निघाला, तुम्ही मुलींनी तो सर्वांच्या अंगठ्यांशी ताडून पाहिला आणि झाडलोट करणाऱ्या रूपलीचा निघाला. ती आपल्या बोलीत काहीबाही पुटपुटली, तुम्ही सगळ्या हसलात, मीही लक्ष दिले नाही. त्याच दिवशी तिला कामावरून काढले. शास्त्रापुढे रडणे चालत नाही, हे त्या दिवशी तुम्हाला कळले.

कागदाच्या कोपऱ्याला शाई लागली आहे. टाक गळका आहे, दुसरे काही समजू नकोस.

मार्था पगारे


खांडबारा,
ता. २९ ऑगस्ट १९३८

गुरुवर्य बाईंना सलाम.

वर्ग झाला. असा झाला की शेजारचे पोस्टमास्तर खिडकीत येऊन उभे राहिले. मुलींची नाके काळी, ओढण्या काळ्या, एकीच्या कपाळावर काजळीचा टिळा. एक म्हणाली, "मन्हा दोन्ही अंगठास्वर चक्र शे, मी राणी व्हसू." दुसरीने लगेच ऐकवले, "राणी व्हयनी तरी शेण तुलेच थापनं पडी."

सर्वांचे अंगठे घेऊन झाले. मी कागद भिंतीला लावला. तेव्हा रुखमा नावाची एक कोकणी मुलगी, जी कधी बोलत नाही, ती उठून म्हणाली, "बाई, तुमना अंगठा कोठे शे?"

वर्गातल्या प्रत्येक वस्तूला माझा हात रोज लागतो आणि माझाच अंगठा कागदावर नव्हता. मी घेतला. रुखमानेच धरला. "सैल सोडा," असे मला बजावले.

बाई, भिंग हरवले त्या वेळी आपल्या कागदावर तेवीस अंगठे होते. आम्ही बावीस मुली आणि तेविसावी रूपलीबाई. चोविसावा नव्हता. कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती. कपाट रोज तुम्ही उघडत होता.

मागे म्हटले होते ती गोष्ट ही. रूपलीबाईची मुलगी फुलवंता इथे राहते. तुम्हाला आठवेल, आई झाडायची तेव्हा ती दुसरीच्या वर्गात दाराशी बसायची. आईला काढले तेव्हा तिचीही शाळा सुटली. पुढे इथल्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंच्या हाताखाली राहून ती लिहायला-वाचायला शिकली. आता बाविशीची आहे. धुळ्याला सुईणीचे शिक्षण मिळते, त्यासाठी डॉक्टरीण बाईंनी तिचे नाव पाठवले. चारित्र्याचा दाखला मागितला, तेव्हा कोणीतरी नंदुरबारच्या शाळेचे जुने रजिस्टर काढले. त्यात तुमच्या हातचे लिहिलेले आहे, 'रूपली भिलीण. चोरी सिद्ध झाल्याने काढून टाकली.' धुळ्याहून कळवले आहे की जिच्या घरात चोरी सिद्ध झाली तिला लोकांच्या बाळंतघरात कसे पाठवावे. शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

तुम्ही चार ओळी लिहिल्या तर तिचे काम होईल. दुसऱ्या कोणाच्या ओळींनी होणार नाही.

हलीमा


नंदुरबार,
ता. ३ सप्टेंबर १९३८

हलीमा,

आशीर्वाद लिहिण्याची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

तू मला माझाच नियम शिकवतेस? मी माझेच भिंग चोरीन? एखाद्या डोंगरी पोरीने वर्गात तोंड उघडले की तुला साक्षात्कार होतो. मुलींना प्रश्न विचारायला शिकवावे, पण त्यांच्या प्रत्येक प्रश्नापुढे लोटांगण घालू नये.

फुलवंतेबद्दल मला वाईट वाटते. मुलगी हुशार होती, पाढे दारातूनच पाठ करायची. पण वाईट वाटते म्हणून मी खोटे लिहू? मदर अगाथा म्हणत, दया आणि खोटेपणा या दोघी एकच झगा घालून येतात, बाईने आत कोण आहे ते पाहावे. त्या ठशात मध्येच एक तिरपी कोरी रेघ होती. रूपलीची बोटे राखेने भांडी घासून झिजलेली होती. रेघ तिथली. वर्गाने पाहिले, मी पाहिले. झाले.

तो काळा कागद मी पाकिटात घालून अजून जपला आहे. मला कशाचे भय असते तर तो केव्हाच चुलीत गेला असता.

तुझ्या मऊ मनाचे कारण मला ठाऊक आहे. तू पहिल्यापासून रूपलीच्या हातच्या भाकरीवर डोळा ठेवून असायचीस. भाकरीचे उपकार भाकरीने फेड, माझ्या सहीने नको.

मार्था पगारे


खांडबारा,
ता. १४ सप्टेंबर १९३८

गुरुवर्य बाईंना सलाम.

तुम्ही रागावणार हे माहीत होते. म्हणूनच चौदा वर्षे गप्प बसले. आज सगळे लिहिते, मग तुम्ही मला पत्र पाठवले नाहीत तरी चालेल.

त्या दिवशी काळा कागद आरशापुढे धरण्याचे काम माझ्याकडे होते. भिंगच हरवलेले, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे होते. माझे डोळे तेव्हा चांगले होते. रूपलीबाईच्या अंगठ्यावर चक्र होते, झिजलेले, पण चक्र. काचेवर शंख होता. मी तोंड उघडणार तोच मागून कोणी ओरडले, "रेघ देखा, रेघ! राखनी रेघ!" आणि तुम्ही म्हणालात, "शाबास."

घरी जाऊन मी निबंधाची वही काढली. तुम्ही वह्या तपासताना अंगठ्याला शाई लागलेली असायची, पानापानावर कोपऱ्यात ठसा. शंख. आणि मधून तिरपी कोरी रेघ. पेन्सिल तासताना तुमचा अंगठा चाकूने कापला होता, आम्हीच त्याला हळद लावली होती.

मी सांगितले नाही. त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या अब्बांना भेटायला येणार होता. सहावीनंतर मला शाळेतून काढू नका, असे सांगायला. तुमच्याखेरीज त्यांनी कोणाचे ऐकले नसते. तुम्ही रागावलात तर येणार नाही, असे मला वाटले. तुम्ही आलात. अब्बांनी ऐकले. मी शिक्षिका झाले. रूपलीबाईची मुलगी दाराबाहेर गेली आणि मी बाकावर राहिले.

मी मऊ मनाची नाही, बाई. मी त्या दिवशी फार हिशेबी होते.

ती वही माझ्याजवळ आहे. ९ ऑगस्टच्या तुमच्या पत्राच्या कोपऱ्यात जो शाईचा डाग आहे, तो मी वहीशी ताडून पाहिला. तुमच्याच पद्धतीने. तुम्ही तुमच्याजवळचा काळा कागद आरशापुढे धरा आणि आपला अंगठा शेजारी धरा. मी आणखी काही सांगत नाही.

एकच विचारते. तुम्ही लिहिले होते, माझे पत्र भिंग लावून वाचले. कोणते भिंग, बाई?

हलीमा


खांडबारा,
ता. १२ ऑक्टोबर १९३८

बाईंना सलाम.

तीस तारीख गेली. धुळ्याची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. नंतर, परवा, शाळेकडून दवाखान्यात कागद आला की जुना शेरा चुकीचा होता असे तुम्ही कळवले आहे. डॉक्टरीण बाईंनी तो वाचून खणात ठेवला. पुढची भरती दोन वर्षांनी, तीही होईल तर.

फुलवंता दवाखाना सोडून आईकडे गेली. रूपलीबाई या हंगामात कळसाडीला, गुलाबसिंग पाटलांच्या कपाशीत वेचणीला आहे, शहाद्याच्या बाजूला. जाताना फुलवंता मला म्हणाली, "ताई, तुम्ही कशाले रडी ऱ्हायन्यात? कापूसले कोनी दाखला नही मांगत."

तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.

हलीमा


नंदुरबार,
ता. २० नोव्हेंबर १९३८

प्रिय हलीमा,

तू विचारलेस, कोणते भिंग. तेच.

१९३५ साली शाळा सोडताना माझी बाजाची पेटी विकायला काढली. तिचे काही सूर बरीच वर्षे फसफसत होते. कारागिराने मागची फळी काढली, तर भात्याच्या बाजूला पितळी मूठ. तो म्हणाला, "बाई, पेटीले डोया व्हता, मंग गाई कशी?" भिंगाला डोळा म्हणाला म्हणून मी हसले. खरोखर हसले. मग आठवले. चोरीच्या आदल्या शनिवारी दुपारी मी कपाट उघडून भिंग घेतले होते, कारण प्रार्थनेच्या पुस्तकातली बारीक अक्षरे दिसेनात. वाजवता वाजवता ते पेटीच्या फटीत गेले असणार. सोमवारी कपाट रिकामे पाहिले आणि मला एकदाही वाटले नाही की वस्तू मीच काढली असेल. चोर शोधायचा म्हटल्यावर शोधणारा सोडून सगळे आठवतात.

पेटीतून भिंग निघाले तेव्हा माझ्या निरोपसमारंभाला आठ दिवस होते. मी स्वतःला सांगितले, रूपली कुठे असेल कोणास ठाऊक, शाळेचे नाव खराब होईल, एवढ्या वर्षांनी कोणाला काय. सगळी कारणे फार सुबक होती. मी पुष्कळ मुलींना निबंध लिहायला शिकवले आहे. मला कारणे सुचायला वेळ लागत नाही. त्याच भिंगाने मी तीन वर्षे वर्तमानपत्र वाचले, तुझी पत्रे वाचली, आणि तुलाच लिहिले की शास्त्रापुढे रडणे चालत नाही.

पण ठसा तरी रूपलीचाच असेल, असे मला वाटत होते. तिने कपाट पुसताना हात लावला असेल, एवढीच तिची चूक, असे. तुझे पत्र आले त्या दिवशी मी काळा कागद काढला आणि आरशासमोर उभी राहिले. शेजारी अंगठा धरला. भिंगाची गरजच पडली नाही. आरशात कागद, अंगठा आणि त्यांच्यामागे माझे तोंड. तिन्ही एकदम दिसले.

हलीमा, त्याच रात्री मी शाळेच्या कमिटीला पत्र लिहिले. १७ सप्टेंबर. टपालात टाकले ५ ऑक्टोबरला. मधले अठरा दिवस ते बायबलखाली होते. रोज सकाळी उद्या टाकते म्हणायची. तीस तारीख मला माहीत होती, तूच कळवली होतीस. मी आजारी नव्हते, पाऊस नव्हता, टपालकचेरी माझ्या दारापासून शंभर पावलांवर आहे. याला मला कोणतेही कारण सुचलेले नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू बारा वर्षांची होतीस, मी चव्वेचाळीस. आणि तू गप्प बसलीस, कारण बोललीस तर मी तुला सोडून देईन असे तुला वाटले. तुला तसे का वाटले, हे मी आता स्वतःला विचारते. उत्तर फारसे चांगले येत नाही.

शाळेत गेले. नव्या बाईंनी कपबश्या बाजूला करून रजिस्टर काढून दिले. म्हणाल्या, "जुन्या नोंदीत खाडाखोड नको." मी खोडले नाही. शेजारी लिहिले. त्यांनी चहा विचारला, तोही माझ्या कपाटातल्या कपातून. घेतला. बाई वाईट नाहीत.

मग मागच्या मंगळवारी कळसाडीला गेले. प्रकाशा गावापाशी नावेतून तापी ओलांडली आणि पुढे एका गाडीवानाने नेले. वाटेभर तो विचारत होता, "बाई, कापूस वेचाले निंघनी का?" मी म्हटले, "हो." तो म्हणाला, "मंग चष्मा काढी ठेव, काटा लागतस."

शेतात वीसेक बाया होत्या. रूपली मला ओळखू आली नाही, तिने मला ओळखले. कमरेची झोळी सोडून ती बांधावर आली. केस पांढरे झाले आहेत. मी काही बोलण्याआधी म्हणाली, "बठ, बाई. पानी पी."

मी फुलवंतेचे विचारले. "गयी. सुरतबाजूले, ऊस तोडाले. आठ दिन व्हयनात." मी आणलेला कागद तिच्यापुढे धरला. रजिस्टरात लिहिले त्याची नक्कल, खाली माझी सही. ती म्हणाली, "माले कोठे वाचता येस?" मग मी वाचून दाखवला. 'भिंग माझ्याच बाजाच्या पेटीत होते. काचेवरचा ठसा माझ्याच अंगठ्याचा होता. रूपलीबाईने चोरी केलेली नाही. ती कधीच चोर नव्हती.' चांगले वाक्य होते, मी तीनदा सुधारले होते. वेचणाऱ्या बाया जवळ येऊन उभ्या होत्या, त्यांना काही कळेना. तेव्हा फुलीबाई नावाची एक जाडजूड बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अरी, हाई बाईनी सोतानी चीज सोताच हारपाडी, आन नाव इन्हं लिधं!"

सगळ्या हसल्या. त्यांचा दोष नाही. ऐकायला ते तसेच आहे. मी उभी राहिले. त्या दिवशी वर्गात रूपली कशी उभी राहिली होती, ते मला प्रथमच नीट आठवले. हात पाठीमागे घेतले होते तिने. माझेही हात पाठीमागेच होते.

रूपली हसली नाही. म्हणाली, "हाई सही कोन्ही?"

"माझी."

"सही कोनी बी करस. अंगठा लाव."

मी म्हटले, शाई नाही. तिने बांधावरच्या चुलीचा तवा उपडा केला, काजळीवर बोट फिरवले, आपल्या केसांचे तेल तीत मिसळले आणि माझा हात धरला. मी अंगठा कागदावर टेकवला, तशी ती म्हणाली, "दाबू नको. फिरव. हात सैल सोड."

हे शब्द माझेच आहेत, हलीमा. तिचा अंगठा धरून मी तिला तेच म्हटले होते.

ठसा छान उमटला. मी भिंग पुढे केले, तर तिने ते बाजूला सारले. नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि म्हणाली, "वळखस मी हाऊ. सात वरीस रोज सकाये कपाटवरथून मीच पुसा. तवय बी सांगं व्हतं तुले. बाई, हाऊ तुन्हा हात शे, माले रोज पुसना पडस."

त्या दिवशी ती पुटपुटली, आणि तुम्ही हसलात, आणि मी लक्ष दिले नाही, ते हे होते.

मी माफी मागितली. तिने कागदाची घडी करून लुगड्याच्या टोकाला गाठ मारली. "धाकली उनी का दिसू," म्हणाली, म्हणजे मुलगी आली की तिला देईन. फुलवंता केव्हा येईल विचारले, तर होळीला, आली तर. मग म्हणाली, "जाय आते, नाव बंद व्हई जाई," आणि झोळी बांधून ओळीत गेली. मी बराच वेळ बांधावर होते. तिने मागे वळून पाहिले नाही. तिचे काम होते.

होळीला मी खांडबाऱ्याला येईन. फुलवंता आली तर तिला थांबवून ठेव. दोन वर्षांनी भरती होईल तेव्हा तिने पुन्हा अर्ज करायचा की नाही, हे तिने ठरवायचे. केला तर धुळ्याला तिच्याबरोबर मी स्वतः जाईन आणि विचारतील ते तोंडाने सांगेन. पत्रावर आता माझा विश्वास नाही. माझ्या पत्रांवर तर नाहीच.

सोबत लाकडी डबीत भिंग पाठवले आहे. मदर अगाथांनी मला ते नीट पाहायला दिले होते. तुझ्या वर्गाला ठेव, आणि पहिल्यांदा रुखमाच्या हातात दे.

उत्तर लिहिशील तर टपोऱ्या अक्षरात लिही. माझ्याजवळ आता भिंग नाही.

तुझी बाई
मार्था पगारे